कच्च्या टाक्यांचं मृत्युपत्र

मास्तर सोमवारी सकाळी वारले आणि अकराच्या सुमाराला माझ्या दुकानाच्या माळ्यावरून त्यांनी चहा मागितला.

"मेलेली माणसं चहा पीत नाहीत!" मी खालून ओरडले.

"मग बिस्कीट तरी द्या," वरून आवाज आला.

समोर एक गिऱ्हाईक बिजागऱ्या घ्यायला आलं होतं. त्यानं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि बिजागऱ्या तिथेच ठेवून ते चालतं झालं. हे नुकसान कुणी भरून द्यायचं, याबद्दल मृत्युपत्रात चकार शब्द नव्हता.

आता हे सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही चालते व्हाल.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, स्क्रू, कड्या, कोयंडे, रंगाचे डबे. नवरा गेल्यापासून मी एकटी चालवते. माझ्या नाकावर राग असतो असं सगळी गल्ली म्हणते. गल्लीला दुसरं काम नाही. माझ्या दुकानाला चिकटून मास्तरांचं दुकान. मध्ये एकच भिंत, आणि तीही अशी की पलीकडे कात्री पडली तर अलीकडे मी दचकते. मास्तर मला नावानं कधी हाक मारत नाहीत. "अहो हार्डवेअर!" म्हणतात. इतक्या वर्षांत मलाही त्याची इतकी सवय झाली आहे की नावानं हाक आली तर मी मागे वळून बघते, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

मास्तर म्हणजे शिंपी. कोट शिवणारे. आणि मास्तरांचा एकच धर्म, तो म्हणजे ट्रायल. आधी कापड बेतायचं, मग पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब कच्चे टाके घालून तुकडे नुसते जोडायचे, आणि तो अर्धामुर्धा कोट गिऱ्हाइकाच्या अंगात चढवायचा. इथपर्यंत सगळेच शिंपी करतात. मास्तर पुढे त्या माणसाला खुर्चीत बसवतात. हात वर करायला लावतात. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लावतात. एखादा विनोद सांगून हसवतातसुद्धा. "उभ्या माणसाला काहीही बसतं," असं त्यांचं म्हणणं. "माणूस वाकला, बसला, हसला की कळतं शिवण कुठे ओढतेय." एकदा एक घाईतला साहेब म्हणाला, ट्रायलला वेळ नाही, थेट शिवून टाका. मास्तरांनी घडी घातली आणि कापड परत केलं. दुसरा एक जण पाय मोडून इस्पितळात पडला, तर मास्तर तिथे कोट घेऊन गेले आणि त्याला पडल्या पडल्या चढवून आले. नर्सबाई ओरडल्या, पण कोट असा बसला की डॉक्टरांनी पत्ता विचारून घेतला.

मास्तरांच्या घरात माणसं दोनच, ते आणि छोटी. छोटी ही त्यांची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडली तरी नाव छोटीच, कारण तिचं शहाणपण आपल्यासारखं वाढलं नाही, ते आपल्या वाटेनं वाढलं. पैशांचा हिशेब तिला कळत नाही. घड्याळ कळत नाही. शब्द हळूहळू, एकेक येतात, पण आला की शब्द जागेवर येतो. आई गेली तेव्हा मास्तर ऐन पंचविशीत. त्यांचं लग्न ठरलेलं होतं. मुलीकडचे म्हणाले, बहिणीची सोय दुसरीकडे कुठेतरी करा. मास्तरांनी ते स्थळही घडी घालून परत केलं. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यांच्या मधल्या बहिणीनं सांगितलं होतं. ती आता नाही. तिचा मुलगा, म्हणजे मास्तरांचा भाचा, बँकेत आहे.

छोटीला बटणांचं वेड. आणि रोज सकाळी दुकान उघडलं की तिचं पहिलं काम ठरलेलं, सुया ओवायचं. मास्तरांची नजर सुईच्या नेढ्यापाशी कधीच हरली आहे. छोटी जीभ दाताखाली धरून एकेक सुई ओवते आणि सुया खोचायच्या गादीवर ओळीनं उभ्या करते. पांढरा दोरा, काळा दोरा, करडा दोरा. मास्तर दिवसभर त्या उचलत जातात. मला वाटायचं, चला, बिचारीला काहीतरी काम दिलंय.

मागच्या थंडीत मास्तर वरच्या फळीवरचं अस्तर काढताना स्टुलावरून पडले. मी हिशेब करत बसले होते. छोटी आली आणि तिनं माझा हात धरून ओढला. "दादा खाली," एवढंच म्हणाली. मी जाऊन बघते तो मास्तर फरशीवर, डोळे मिटलेले, आणि अंगावर कुणाचा तरी अर्धवट शिवलेला कोट पांघरलेला. तो छोटीनं घातला होता, हनुवटीपर्यंत नीट. मग मी जी काही ओरडले! रिक्षावाल्यावर ओरडले, फोनवर दवाखान्याच्या माणसावर ओरडले, बघ्यांवर ओरडले. गाडी आली. डोक्याला टाके पडले, तेही पक्के, आणि मास्तर चार दिवसांत घरी आले.

पण घरी आल्यावर त्यांना झोप येईना. "अहो हार्डवेअर," ते म्हणाले, "मी उठलोच नसतो तर? छोटीचं काय?"

"तहान लागल्यावर विहीर खणायची नाही," मी म्हणाले. "चला वकिलाकडे."

वकीलबाई तरुण, चटपटीत. त्यांचं ऑफिस भाच्याच्या घराजवळ, लाल जिन्यावर. बाहेर बाकं, दारापाशी एक टोपली आणि टोपलीत नंबरांचे पत्र्याचे बिल्ले. आपला बिल्ला घ्यायचा आणि बसायचं. तिथे मंत्री आला तरी बिल्ला घेऊनच बसतो, असं त्यांचा कारकून अभिमानानं सांगे. मास्तर स्वतःचा ठेवणीतला कोट घालून आले होते. छोटीला एकटं ठेवत नाहीत, म्हणून ती बरोबर होतीच. तिला बिल्ला फार आवडला. आत ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, वकीलबाईंच्या टाचण्या आणि क्लिपा वेगवेगळ्या करत. आणि आम्ही शहाणी माणसं तिच्या डोक्यावरून बोलत राहिलो.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "सगळं भाच्याला देऊन टाकतो. तो छोटीला बघेल. सोन्यासारखा मुलगा आहे."

"असेलच," वकीलबाई म्हणाल्या. "पण दिलं की ते त्याचं झालं. उद्या त्याच्यावर कर्ज झालं तर सावकार छोटीताईंना विचारणार नाहीत. तो तिच्या आधी गेला तर घर त्याच्या बायकामुलांचं. तिनं तिथे राहावं ही तुमची नुसती इच्छा राहील. तिचा हक्क नाही."

मास्तर विचारात पडले. "मग घर थेट छोटीच्या नावावर करतो."

"आणि कर कोण भरणार? छप्पर गळलं तर कोण बघणार? कुणी गोड बोलून कागद पुढे सरकवला तर?"

माझा पारा चढायला लागला होता. "अहो, मग घोडं अडलंय कुठे ते तरी सांगा!"

वकीलबाई हसल्या. त्यांनी ट्रस्ट म्हणजे काय ते समजावलं. घर आणि ठेवी दोन विश्वासू माणसांच्या हातात द्यायच्या, पण वापरायच्या फक्त छोटीसाठी. त्यांना त्यातला एक पैसा स्वतःवर खर्च करता येणार नाही, आणि हिशेब दाखवावा लागेल. मास्तर खुर्चीत एकदम ताठ बसले.

"म्हणजे कापड गिऱ्हाइकाचं! शिंपी फक्त शिवणार. उरलेली चिंधीसुद्धा परत द्यायची."

"अगदी तसंच."

तिथून पुढे मास्तरांना आवरणं कठीण झालं. नवीन कापडाचा तागा उलगडावा तसे ते खुलले. हे लिहिता येतं का, ते लिहिता येतं का? आपल्या काजेवालीला शिलाई मशीन द्यायचं, येतं का लिहिता? येतं. काजेवाली म्हणजे त्यांच्या दुकानात काजं-बटणांचं काम करणारी बाई, वीस वर्षं तिथेच. मग तिलाच साक्षीदार म्हणून बोलावतो! नको, वकीलबाई म्हणाल्या, जिला काही मिळणार आहे तिनं सही केली तर उद्या कुणीही बोट दाखवेल. साक्षीदार असा हवा ज्याला एक दोराही मिळत नाही. पैसा बघणारा आणि माणूस बघणारा एकच हवा का? उलट वेगळे असले तर बरं, एकमेकांवर लक्ष राहतं. छोटीचा पालक मृत्युपत्रात लिहून टाकला की झालं ना?

"तुम्ही सुचवायचा. ती मोठी बाई आहे, त्यामुळे शेवटी कोर्ट नेमतं. आणि नेमण्याआधी कोर्ट सगळ्यांना बोलावून विचारतं," वकीलबाई म्हणाल्या.

"विचारू दे की! आमच्या घरात भांडण नाही," मास्तर म्हणाले आणि पुढच्या प्रश्नावर गेले.

"एक राहिलंय. हे सगळं तुम्ही गेल्यावरचं. समजा गेला नाहीत, पण अंथरुणाला खिळलात, बोलता येईना, तर तुमचं कुणी बघायचं? तुमच्या औषधपाण्याचा निर्णय कुणी घ्यायचा?"

"मी? छे हो! मी उभ्या उभ्या जाणार," मास्तर हसत म्हणाले. वकीलबाईंनी तेवढी जागा मोकळी सोडली. कोपऱ्यात क्लिपांचा आवाज थांबला होता, हे मला आज आठवतं. तेव्हा लक्षात आलं नाही.

आठवड्याभरात मृत्युपत्राचा मसुदा तयार झाला. विश्वस्त मी आणि भाचा. छोटी भाच्याकडे राहणार, पालक तो आणि भाचेसून. अंमलबजावणी करायची ती मी. मास्तरांनी मसुदा दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "मसुदा म्हणजे कच्चं ना?"

"हो, अजून सह्या व्हायच्यात."

"म्हणजे कच्चे टाके!" मास्तर उठून उभेच राहिले. "मग ट्रायल कुठाय?"

वकीलबाई इतक्या हसल्या की कारकून आत डोकावला. "इतकी वर्षं वकिली करतेय, पण मृत्युपत्राची ट्रायल कुणी मागितली नाही. करा! खरंच करा. कुठे उसवलं तर येऊन सांगा."

तर ही ट्रायल. आठवडाभर मास्तर मेले असं समजायचं. त्यांनी कुणाशी बोलायचं नाही, कुणाच्या मदतीला यायचं नाही. मृत्युपत्रात आहे तसं आम्ही सगळ्यांनी वागायचं. राहणार कुठे, तर माझ्या माळ्यावर, कारण तिथल्या झरोक्यातून त्यांचं दुकान दिसतं. काजेवालीनं कपाळावर हात मारला. "असला अभद्र खेळ कुठे असतो का मास्तर?" मास्तरांचं आपलं एकच, उभ्या माणसाला काहीही बसतं. मला म्हणाल तर, मी वरवर कुरकुरले, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या. नवरा गेल्यापासून गल्लीत इतकं मजेचं काही झालं नव्हतं.

छोटीला सांगितलं, भाच्याकडे राहायला जायचंय, मज्जा आहे. ती म्हणाली, "बरं." बटणांची पिशवी घेतली आणि निघाली.

पहिल्याच तासाला शिवण उसवली. अंमलबजावणी करणारी म्हणून मी रुबाबात त्यांचं लोखंडी कपाट उघडायला गेले, तर किल्ली नाही. काजेवालीनं फळ्या धुंडाळल्या, मी गादीखाली बघितलं.

"माझ्या खिशात आहे!" भिंतीपलीकडून आवाज आला.

"मेलेल्यांनी बोलायचं नाही!" मी ओरडले. पण मुद्दा बरोबर होता. माणूस किल्ली खिशात घेऊन गेला तर आम्ही काय करणार होतो? दुसरी किल्ली वकीलबाईंकडे ठेवायची, हे ठरलं.

दुपारी दुसरी शिवण. मास्तर गेल्यावर दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे कुणी लिहिलंच नव्हतं. तीन कोट अर्धे पडलेले. एक गिऱ्हाईक घ्यायला आलं, काजेवाली म्हणाली मास्तर नाहीत, ते म्हणालं कधी येतील, ती प्रामाणिक बाई म्हणाली, "आता नाही यायचे." गिऱ्हाइकानं टोपी काढली. माळ्यावर फळी करकरली. मास्तर हसू दाबत होते की रडू, देव जाणे. मी धावत जाऊन त्या माणसाला खरं काय ते सांगितलं, तर तो माझ्यावरच चिडला.

मंगळवारी भाचा माझ्याकडे हिशेबाला आला. गुणी मुलगा, खोटं कशाला बोलू. स्वतःचं मूल नसल्यामुळे मामानं त्याचेच लाड केलेले, आणि त्याला त्याची जाण आहे. छोटीसाठी त्यानं खोली रंगवून घेतली होती, खाली पडू नये म्हणून पलंगाला कठडा लावला होता. "पण मावशी जेवत नाही, काकू," तो म्हणाला. "काही बोलतही नाही. सकाळी माझ्या शर्टाची बटणं मोजली आणि बसून राहिली. बायकोनं शिवणाचा डबा लपवलाय, सुई टोचेल म्हणून."

माळ्यावर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

बुधवारी सकाळी फोन वाजला. भाचा. त्याचा आवाज ओळखू येईना. "काकू, मावशी घरात नाही!"

मी वर बघायच्या आत शिडी धडधडली आणि मास्तर खाली. अंगात बनियन, गळ्यात टेप, एका पायात चप्पल.

"तुम्ही मेलेले आहात!" धडधड ऐकून आलेल्या काजेवालीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"खड्ड्यात गेली ट्रायल!" मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग आम्ही धावलो. मी दुकानाचं शटर अर्धंच ओढलं, कुलूपही लावलं नाही. छोटी मोठा रस्ता एकटी ओलांडत नाही, अशी आमची पक्की समजूत. काजेवाली बागेकडे गेली, भाचा बसथांब्यांवर, भाचेसून शेजाऱ्यांची दारं ठोठावत. मी आणि मास्तर बटणांच्या घाऊक दुकानात गेलो, कारण छोटीला एकदा तिथून ओढून आणावं लागलं होतं. तिथे ती नव्हती. मास्तरांचा श्वास लागला. बनियनवरचा तो म्हातारा माणूस रस्त्यात प्रत्येकाला विचारत होता, "एक छोटी मुलगी बघितली का?" आणि लोक मुलगी शोधायला लागत होते. मी मागून ओरडून सांगत होते, "पन्नाशीची बाई! निळा फ्रॉक! हातात पिशवी!" त्यांना खुर्चीत बसवायला हवं होतं. पण बसणार कोण?

"मी काय केलं हो हे?" ते मला म्हणाले. "हार्डवेअर, मी हे काय केलं?"

मी रिक्षावाल्यावर ओरडले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वकीलबाई. "तुमच्याकडचं कुणी हरवलंय का?" त्यांच्या आवाजात हसू होतं आणि मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "माझ्या बाकावर छोटीताई बसल्या आहेत. बिल्ला घेतलाय. मी आत बोलावलं तर येत नाहीत, म्हणतात नंबर नाही आला."

आम्ही लाल जिना कसा चढलो ते विचारू नका. छोटी बाकावर बसली होती, पाय जुळवलेले, मांडीवर बटणांची पिशवी, हातात बिल्ला घट्ट. मास्तर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि तिचे हात धरून रडायलाच लागले. ती त्यांच्या गळ्यातली टेप नीट करत म्हणाली, "दादा, शर्ट?"

भाचाही धापा टाकत पोचला. इतक्यात कारकुनानं तिचा नंबर पुकारला. आम्ही सगळे आत घुसायला निघालो, तर वकीलबाई दारात आडव्या. "एक मिनिट. अशील त्या आहेत. बिल्ला त्यांचा आहे. त्या म्हणतील तोच आत येईल."

छोटीनं आमच्या सगळ्यांकडे सावकाश बघितलं. मापं घेताना मास्तर गिऱ्हाइकांकडे बघतात तसं. मग माझ्याकडे बोट केलं. "खिळेताई." ती मला खिळेताई म्हणते.

मास्तर बाहेर बाकावर, भाचा त्यांच्या शेजारी, आणि मी आत. असा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

"बोला छोटीताई," वकीलबाई म्हणाल्या. "काय विचारायचंय?"

छोटीनं पिशवी टेबलावर ठेवली. बराच वेळ गेला. मला बोलायची भयंकर घाई झाली होती, पण वकीलबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ओठ मिटले.

"दादा मेला," छोटी म्हणाली. "खेळात. मी कुठे झोपणार?"

"तुम्हाला कुठे झोपायला आवडेल?"

"माझ्या खोलीत. खिडकी आहे तिथे." थोडं थांबून ती म्हणाली, "काजेवाली येईल. तिला मुलगी आहे. ती पण येईल. भाचा रविवारी येईल. तो चांगला आहे. पण सुया लपवतो."

वकीलबाई लिहीत होत्या. मी तोंडाला पदर लावून बसले होते, काय करू? काखेत कळसा आणि गावाला वळसा. वकिलाला विचारलं, मसुदा केला, माळ्यावर चढून मेलो, सगळ्यांची ट्रायल घेतली. आणि जिच्या अंगावर हे बसायचं, तिला बसवलं नाही, वाकवलं नाही, एक शब्द विचारला नाही. आयुष्यभर मापं घेणाऱ्या माणसानं, आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या मी शहाणीनं.

"हे सगळं लिहिता येईल," वकीलबाई म्हणाल्या. "घर ट्रस्टमध्ये राहील, तुम्ही तुमच्या खोलीत राहाल. काजेवालीताई तयार असतील तर पालक म्हणून त्यांचं नाव सुचवू. झाले प्रश्न?"

छोटीनं मान हलवली. नाही. ती पिशवीतली बटणं चाचपत राहिली. मग म्हणाली, "मी आधी मेले तर?"

वकीलबाईंची लेखणी थांबली.

"मी आधी मेले," छोटी म्हणाली, "तर दादाचं कोण बघणार? सुया कोण ओवणार? तो पडला तर कोट कोण घालणार? तुम्ही विचारलं. दादा हसला. जागा मोकळी आहे."

मी रडले. साफ रडले, आवाज करून. इतकी वर्षं भिंतीच्या अलीकडे बसून मी समजत होते की पलीकडे एक माणूस दुसऱ्याला सांभाळतोय. पलीकडे दोन माणसं होती, आणि दोघंही सांभाळत होती. रोज सकाळी ती सुयांची ओळ उभी राहिली नसती तर मास्तरांचं दुकान कधीच बंद झालं असतं. हे मला दिसत होतं, आणि मी त्याला बिचारीचा विरंगुळा म्हणत होते.

वकीलबाईंनी उठून दार उघडलं. "मास्तर, आत या. तुमच्या बहिणीचा एक प्रश्न आहे, आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही."

मास्तर आत आले, कारकुनाचा शर्ट अंगात घालून. छोटीनं प्रश्न पुन्हा विचारला, तेवढेच शब्द, तसेच. मास्तर उभेच राहिले. मग हळूच खुर्चीत बसले. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मी तुझं माप घेतलंच नाही गं," ते म्हणाले. "आणि माझंही नाही."

"मग घे," छोटी म्हणाली.

तिथल्या तिथे, बाकावरचे लोक ताटकळत असताना, मसुदा उसवला गेला. भाच्याला बोलावलं. त्याचा चेहरा आधी पडला, मग उजळला. खरं सांगतो, तो म्हणाला, मी दोन्ही रात्री दचकून उठत होतो, मावशी श्वास घेतेय ना बघायला. रविवार त्यानं आनंदानं मान्य केला. पैशाचं तो आणि मी बघू. काजेवालीला फोन लावला तर ती एवढंच म्हणाली, "हे विचारायला इतके दिवस?" मशीन तिलाच राहिलं. साक्षीला, ज्यांना एक दोराही मिळणार नाही असे, इस्पितळात कोट चढवलेले ते गृहस्थ आणि त्यांचे डॉक्टर यायचे ठरले.

राहिली ती मोकळी जागा.

"मास्तर, तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचे, हे तुमचं तुम्ही ठरवायचं," वकीलबाई म्हणाल्या. "छोटीताई सुचवू शकतात. हातीपायी धड आहात तोवर मुखत्यारपत्रावर सही करून टाकू."

मास्तरांनी छोटीकडे बघितलं. "कोण गं?"

छोटीनं विचार केला नाही. माझ्याकडे बोट केलं. "खिळेताई."

"मी?" मी म्हणाले. "अगं, मी तुझ्या दादावर दिवसभर खेकसते!"

"हो," छोटी म्हणाली. "दादा पडला, तू ओरडलीस. गाडी आली."

नवरा माझ्या आवाजाला कंटाळला होता, गिऱ्हाईक कंटाळतं, गल्ली तर नावं ठेवते. आणि ही बाई शांतपणे सांगत होती की तिच्या भावाच्या जिवासाठी तिला माझा तोच आवाज हवाय.

"अहो हार्डवेअर," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "तुमची काही हरकत?"

"हरकत?" मी आवाज चढवला. "हरकत कसली विचारता? आधी माझ्या माळ्यावरची कपबशी खाली आणा! ते स्टूल आजच्या आज मोडीत काढा! आणि पुन्हा बनियनवर रस्त्यात दिसलात तर याद राखा!"

बाहेरच्या बाकांवर सगळे गप्प झाले. कारकून दारातून डोकावला.

"बघितलंस?" छोटी वकीलबाईंना म्हणाली. "लिही."